मोफत, मुक्त की खुलं?

कॅलिफोर्नियातल्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे: कम्युनिटी कॉलेजातल्या (म्हणजे अमेरिकेतल्या बारावीनंतरच्या, बहुधा दोन वर्षांच्या कॉलेजातल्या) ‘ओपन टेक्स्टबुक’बद्दल मराठी पालकांसाठी माहितीपत्रक लिहितेय, ‘मोफत पाठ्यपुस्तक’ म्हटलं तर चालेल का?

चालेल, पण अर्धी गोष्ट राहून जाईल. बालभारतीची पुस्तकंसुद्धा पीडीएफ रूपात मोफत मिळतात; पण तेवढ्यावरून त्यातले धडे बदलून कुणाला स्वतःचं पुस्तक काढता येत नाही. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातला ओपनस्टॅक्स हा उपक्रम २०१२ पासून महाविद्यालयीन पुस्तकं काढतोय. त्यांचं समाजशास्त्राचं पुस्तक प्राध्यापकाने घ्यावं, नको ते प्रकरण गाळावं, आपल्या गावची उदाहरणं घालावीत आणि खुशाल छापावं. मूळ श्रेय दिलं की झालं. हा मोकळेपणा ‘मोफत’मध्ये येत नाही. तो ‘मुक्त’मध्ये येतो, आणि ‘मुक्त विद्यापीठ’मुळे हा शब्द आपल्या कानांना सरावाचाही आहे.

‘खुलं’ मला इथे नको वाटतं. ‘खुलं पुस्तक’ म्हटलं की समोर पुस्तक ठेवून द्यायची परीक्षा आठवते, आणि महाराष्ट्रातल्या पालकाला ‘खुला’ म्हटल्यावर आधी प्रवर्ग आठवतो.

मात्र ‘मुक्त’ कुठे बसवताय ते जपा. आधी आला तर मोकळा: मुक्तछंद, मुक्त विद्यापीठ. शेवटी आला तर ‘शिवाय’: तंबाखूमुक्त, कर्जमुक्त. म्हणून ‘प्रताधिकारमुक्त (कॉपीराइट नसलेलं) पाठ्यपुस्तक’ लिहू नका, ते साफ चुकेल. या पुस्तकांवर प्रताधिकार असतोच. मालकाने परवानगी आधीच देऊन ठेवलेली असते, एवढंच. ती परवानगीही सगळीकडे सारखी नसते. ओपनस्टॅक्सचंच कॅल्क्युलस बदलता येतं, पण त्यावर धंदा करता येत नाही आणि बदललेली आवृत्तीही त्याच अटींवर द्यावी लागते.

हाच शेवटचा ‘मुक्त’ दुसरीकडे छान कामाला येतो. व्हर्जिनियातल्या टाइडवॉटर कम्युनिटी कॉलेजने २०१३ मध्ये पाठ्यपुस्तकांवर एक पैसाही खर्च न होणारा पदवीक्रम सुरू केला. त्याला ‘पुस्तकखर्चमुक्त’ म्हणावं. तुमच्या कॅलिफोर्नियातही २०१६ च्या कायद्याने असे वर्ग वेळापत्रकात खूण करून दाखवावे लागतात. पण खूण दिसली म्हणून पुस्तक मुक्त असेलच असं नाही. कॉलेजच्या ग्रंथालयाने पैसे भरून घेतलेलं ई-पुस्तकही विद्यार्थ्याला फुकटच पडतं.

आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ तसंच राहू द्या. ‘कनिष्ठ महाविद्यालय’ लिहिलंत तर इथले आजी-आजोबा नातवाला अकरावीत बसवतील!

पत्रकात मी असं लिहीन: ‘या विषयाचं पाठ्यपुस्तक मुक्त आहे. ते संकेतस्थळावर मोफत वाचता येतं आणि उतरवून कायम जवळ ठेवता येतं. छापील प्रत हवी असल्यास तिचे पैसे पडतील.’