'गोड'चा विरुद्धार्थी शब्द: कडू की आंबट?

तुमच्या मुलाने 'गोड × आंबट' लिहिलं, बाईंनी 'कडू' हवं म्हणून गुण कापला, तर बरोबर कोण आणि हे शब्द पाठ कसे करून घ्यायचे, असं तुम्ही विचारलंय. बरोबर दोघंही. 'आंबटगोड' आणि 'कडूगोड' हे दोन्ही शब्द आपण सर्रास वापरतोच की. मुलाच्या डोक्यात बहुधा आंबा असणार.

मी दापोलीकडचा. आमच्याकडे आंबा गोड नसला तर आंबट, काकडी गोड नसली तर कडू, आणि खाडीलगतच्या विहिरीचं पाणी गोडं नसलं तर खारं. पुढे कोणतं नाम आहे, त्यावर उलट शब्द ठरतो. हर्णै बंदरावर ओल्या जवळ्याच्या उलट सुका जवळा. खानावळीत मात्र सुक्या मटणाच्या उलट ओलं मटण मागितलंत तर पोऱ्या तोंडाकडे बघत राहील, तिथे रश्श्याचं म्हणायचं. कोवळं ऊन तापलं की कडक होतं, कोवळी भेंडी राहिली की जून. समुद्राच्या भरतीला ओहोटी असते, पोलीस भरतीला नसते.

म्हणून सुटे शब्द घोकायला लावू नका, नामासकट जोडी म्हणून घ्या. परीक्षेत नुसतं 'गोड' आलं तर 'कडू' लिहून मोकळं व्हावं, तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. हजर-गैरहजर, आवड-नावड, सावध-बेसावध हे उपसर्गवाले सोपे. फक्त 'अमूल्य'ला फसू नये, त्याचा अर्थ किंमत नसलेलं असा नाही, किंमत करता येणार नाही इतकं मोलाचं असा आहे. किनाऱ्यावरची एक जोडीही शिकवा: उधाण आणि भांग. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास पाणी खूप चढतं आणि तितकंच ओसरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी, तो भांग.

खरी गंमत वापरात आहे. 'त्याचं काही बरंवाईट झालं तर' म्हणताना मनात फक्त वाईटच असतं. 'पुढेमागे बघू' यात मागे काहीच नसतं. आणि अशुभ टाळायला तर आपण सरळ उलटाच शब्द वापरतो: निघताना 'येतो' म्हणतो, बांगडी फुटली की 'वाढवली', आणि रात्री वाण्याने फळ्या लावल्या की दुकान 'वाढवलं'.