वरची आच, खालची आच : जुन्या भांड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्याकडे धोंडस, म्हणजे तवशाचा (मोठ्या काकडीचा) गोड केक, पूर्वी चुलीवर, झाकणावर निखारे ठेवून करत. तेच माप घेऊन गॅसवर केलं की तळ करपतो आणि वरचा थर चिकट, ओला राहतो. रवा कमी पडतो का? (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : रव्याचा दोष नाही, वरची आच कमी पडते आहे. झाकण थंड असलं की आतली वाफ त्याला लागून पाणी होते आणि तेच पाणी धोंडसावर ठिबकतं. मग तो भाजला जात नाही, वरून उकडला जातो. झाकण निखाऱ्यांनी तापलेलं असेल तर वाफ तिथे पाणी न होता फटीतून निघून जाते आणि वर तांबूस साय धरते. म्हणून निखाऱ्यांचे तीन वाटे केले तर दोन झाकणावर आणि एकच खाली. बरेच जण याच्या उलट करतात. गूळ लवकर जळतो, त्यामुळे खालची आच थोडी जरी वाढली तरी कडू वास येतोच.

माप असं घ्या. पिकलेल्या मोठ्या तवशाचा पाण्यासकट कीस २ वाट्या, तांदळाचा जाड रवा २ वाट्या, चिरलेला गूळ सव्वा वाटी, ओलं खोबरं अर्धी वाटी, तूप २ मोठे चमचे, मीठ पाव चमचा, चिमूटभर हळद आणि वेलची. तवसं किसण्यापूर्वी दोन्ही टोकांची चव घ्या. एक टोक जरी कडू लागलं तरी ते तवसं घेऊ नका, कारण हा कडूपणा गुळाने झाकला जात नाही. कीस पिळायचा नाही, कारण बाहेरचं पाणी आपण घालतच नाही. रवा तुपावर कोरडाच परता, रंग बदलू देऊ नका. कीस आणि गूळ एकत्र उकळला की रवा, खोबरं घालून पाच-सहा मिनिटं ढवळा. मिश्रण घट्ट उपम्यासारखं झालं पाहिजे. ते सैल असतानाच उतरवलं तर मधला भाग शेवटपर्यंत पिठूळ राहतो. तूप लावलेल्या जाड बुडाच्या पातेल्यात तळाशी हळदीचं पान घाला आणि मिश्रण दीड इंच थापा. त्याहून जाड नको.

गॅसवर करताना पातेल्याखाली बिडाचा तवा ठेवा आणि ज्योत अगदी बारीक करा. दुसरा बिडाचा तवा शेजारच्या शेगडीवर कडक तापवून पातेल्यावर झाकण म्हणून ठेवा. तो दर दहा-बारा मिनिटांनी उतरवून परत तापवा. उतरवताना त्याच्या पोटाला पाणी दिसलं तर पुसून घ्या. असं ४० ते ४५ मिनिटं. सुरी कोरडी बाहेर आली की झालं. मात्र निदान दोन तास कापू नका. गरम असताना वडी पडत नाही, भुगा होतो, आणि मग लोक रव्याला बोल लावतात. खरे निखारे वापरणार असाल तर अंगणात किंवा उघड्या गच्चीवरच वापरा. बंद स्वयंपाकघरात कोळशाचा वायू जिवावर बेततो.

प्रश्न : आजीच्या पितळी पातेल्याला आणि झाकणाला नवी कल्हई लावून घेतली. झाकणावर निखारे ठेवल्यावर झाकणाच्या आतल्या बाजूला चकचकीत थेंब जमले. कल्हई खोटी होती का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : एवढ्यावरून कल्हईवाल्याला दोष देऊ नका. कल्हई म्हणजे कथील, आणि ते २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. निखारा त्याच्या दुपटीहून कितीतरी जास्त तापलेला असतो. पातेल्यात ओलं मिश्रण आहे तोवर तळाची कल्हई टिकते, झाकण मात्र कोरडं असतं. तेव्हा निखारे ठेवायला कल्हई नसलेलं लोखंडी झाकण वापरा. कल्हईचं भांडं रिकामं कधीच तापवू नये.

पुढच्या वेळी शुद्ध कथिलाचीच कल्हई मागा, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. कथिलात शिसं मिसळलेलं असलं तर ते अन्नात उतरतं. चिंच आणि राख फक्त बाहेरून लावा, आतून मऊ कापड पुरे. तारेच्या घासणीने कल्हई लवकर जाते. तळाशी पिवळं दिसू लागलं की ताक, चिंच, कोकम घातलेलं काही त्यात करू नका. ते कळकतं, म्हणजे पितळेचा अंश उतरून बिघडतं, आणि कळकलेलं अन्न टाकूनच द्यावं लागतं.

प्रश्न : जुन्या वहीत धोंडसासाठी ‘रवा २ चिपटी, गूळ २४ तोळे, तूप ६ तोळे’ असं लिहिलं आहे. पुढे केकला ‘३५० अंश’ आहे. आजच्या मापात कसं आणायचं? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तोळ्याचा हिशेब सरळ आहे. १ तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, म्हणून गूळ २८० ग्रॅम आणि तूप ७० ग्रॅम. चिपटं हे वजन नाही, धान्य मापायचं माप आहे. २ चिपटी म्हणजे १ मापटं, २ मापटी म्हणजे १ शेर, ४ शेरांची पायली. गावोगावी ही मापं थोडी लहानमोठी असत, म्हणून गुळावरून मागे या. एवढ्या गुळाला ३५० ते ४०० ग्रॅम रवा बसतो.

वहीत वजनाचा ‘शेर’ आला तर जास्त जपा. पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम. मुंबईकडे २८ तोळ्यांचाही शेर चाले, तो साधारण ३२७ ग्रॅमचा. तुपाचा शेर यातला कोणता हे चुकलं तर पदार्थ वाया जातो. मेट्रिक वजनं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, त्यामुळे त्या सुमाराच्या वह्यांत दोन्ही पद्धती एकाच पानावर सापडतात. ३५० अंश हे फॅरनहाइट, म्हणजे आपले १७५ ते १८० सेल्सिअस.

प्रश्न : तळाला कॉइल असलेल्या गोल अ‍ॅल्युमिनियमच्या ओव्हनमध्ये नानकटाई पसरते आणि खालून जळते. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पसरते ती तुपामुळे. वितळलेलं तूप घेऊ नका, रवाळ आणि घट्ट घ्या. तूप १२० ग्रॅम आणि पिठीसाखर १२० ग्रॅम हाताने पांढरं, हलकं होईपर्यंत फेसा. मग मैदा २०० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम आणि पाव चमचा सोडा चाळून घाला. मळू नका, फक्त गोळा करा. साधारण २४ नानकटाया होतात. उन्हाळ्यात वळलेले गोळे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

जळते ती कॉइलमुळे. पत्रा तिवईवर ठेवा, त्याच्या खाली एक रिकामी ताटली घाला आणि कडेने बोटभर जागा सोडा. या ओव्हनला उष्णता आपोआप थांबवायची सोय नसते, म्हणून आत ओव्हनचा तापमापक ठेवा. १७० दिसले की बटण बंद, १५५ ला परत चालू. १८ ते २० मिनिटांत कडा फिक्या सोनेरी होतात. तेव्हा नानकटाई मऊच लागेल, तरी बाहेर काढा. ती पत्र्यावरच निवताना खुसखुशीत होते.

त्याआधी वायर तपासून घ्या. कापडी वेष्टणाची असेल तर ती बदलून अर्थिंगसह तीन पिनांचा प्लग बसवून घ्या. आत पांढरी दोरी किंवा पट्टी दिसली तर ती अ‍ॅस्बेस्टॉसची असू शकते. ती खरवडू नका, ओव्हन जाणकार दुरुस्तीवाल्याकडेच उघडू द्या.