बोस्टनचा टाईम काढायचाय ना, मग हे वाच

भावा, तुला मुंबई मॅरेथॉनला पळून बोस्टन मॅरेथॉनच्या एन्ट्रीचा टाईम काढायचाय. तुझं वय ४१, म्हणजे बोस्टनला ३:०५ (३ तास ५ मिनिटं) लागतं, पण तेवढ्यावर थांबू नकोस, कारण २०२६ ला ठरलेल्या टाईमपेक्षा साडेचार मिनिटं फास्ट असलेल्यांनाच एन्ट्री मिळाली, त्यामुळं तू ३:०० च धर, म्हणजे किलोमीटरला ४:१६ (४ मिनिटं १६ सेकंद).

आपल्या साताऱ्याच्या पोरांचा एक प्रॉब्लेम आहे, सगळं यवतेश्वरच्या घाटातच पळायचं. दम वाढतो, मान्य, पण घाटात ४:१६ चा पेस (वेग) अंगात बसत नाही. आठवड्यातनं एकदाच घाट कर, आणि उतरताना सुसाट सुटू नकोस, मांड्या जातात (माझ्या गेल्यात, जिना उतरायचे वांदे झालते). टेम्पो रन (दम लागेल अशा एकसारख्या वेगानं पळायचं ते) सपाट रस्त्यालाच. लाँग रन ३०-३२ किमी, त्यातले शेवटचे १०-१२ रेस पेसला. एनर्जी जेल (पळताना खायचं ते), पाणी सगळं लाँग रनलाच ट्राय करायचं, रेसच्या दिवशी नवीन काय नको, बूट तर अजिबात नको.

मुंबईत जानेवारीतपण दमट असतं आणि परत येताना पेडर रोडचा चढ ३५ किमीच्या पुढं येतो, तिथं तुझा घाट कामाला येईल. पहिले १० किमी मात्र गप पळ, कोण पुढं गेलं तर जाऊ दे.