बसमधला इन्व्हर्टर जळला अन् दुकानदार म्हणते तुम्ही ग्राहकच नाही

भाऊ, मेसेज अन् फोटो दोन्ही नीट पाहिले. जुनी स्कूल बस घेऊन त्यात झेरॉक्स, प्रिंटर, कॉम्प्युटर बसवले, दारव्हा-दिग्रसकडच्या आठवडी बाजारात सातबारा काढून देणं, फॉर्म भरणं सुरू केलं, जुना इन्व्हर्टर थकला म्हणून नागपूरच्या दुकानातून नवीन घेतला, त्यांच्याच मिस्त्रीनं बसवला, अन् दोन महिन्यात वायर वितळून जळला. आता दुकानदार म्हणते धंद्यासाठी घेतला म्हणून ग्राहक कोर्टात जाता येत नाही.

हे साफ चूक आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधे स्वयंरोजगारातून पोट भरायला घेतलेली वस्तू व्यापारी कामात धरत नाहीत. सुप्रीम कोर्टानं १९९५ मधे लक्ष्मी इंजिनीअरिंगच्या केसमधे सांगून ठेवलं, मदतीला एक-दोन माणसं असली तरी तो ग्राहकच राहते. भाचा सोबत बसते तेवढ्यानं काही बिघडत नाही.

खरा मुद्दा तुमच्या फोटोत आहे. दोन बॅटऱ्या आहेत अन् इन्व्हर्टरची लाल वायर एकाच बॅटरीवरून गेली आहे. म्हणजे बस २४ व्होल्टची अन् यांनी दिला घरगुती १२ व्होल्टचा, मंग मिस्त्रीनं एकाच बॅटरीवर जोडून काम भागवलं. हजार वॉटचा लोड १२ व्होल्टवर ऐंशीच्या वर अँपिअर खेचते, २४ वर त्याच्या निम्मा, अन् लेझर प्रिंटर गरम होताना किती ओढते ते तुम्हाला माहीतच आहे. त्या बारीक वायरीचं काय होणार! बॅटरीजवळ फ्यूजही दिसत नाही.

आता माल विक्री कायदा १९३०, कलम १६ पहा. कोणत्या कामासाठी पाहिजे ते तुम्ही सांगितलं, विकणाऱ्याच्या माहितीवर भरवसा ठेवला, तर माल त्या कामाचा असलाच पाहिजे ही अट कागदावर नसली तरी असते. तुम्ही बसचा फोटो पाठवला अन् त्यांनी 'हाच चालते' असं लिहिलं, तो व्हॉट्सअॅप मेसेज तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. पण मला एक खरं सांगा, मॉडेल तुम्हीच नाव घेऊन मागितलं होतं का? तसं असलं तर या मुद्द्याचा जोर कमी होते, मंग मिस्त्रीच्या जोडणीवर जास्त भर द्यावा लागेल.

जळलेला इन्व्हर्टर अन् वितळलेली वायर कोणालाच देऊ नका, 'आणून द्या, पाहतो' म्हटलं तरी नाही, कारण ग्राहक आयोग, म्हणजे तेच ग्राहक कोर्ट, वस्तू लॅबमधे तपासायला पाठवू शकते. दुसऱ्या लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनकडून सहीचा रिपोर्ट घ्या. पक्कं बिल दिलं नाही ना, ते न देणं हीच कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा आहे, ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद बँकेतून काढा. मंग रजिस्टर्ड पोस्टानं नोटीस, पंधरा दिवसांची मुदत. केस टाकायला नागपूरला जायची गरज नाही, तुम्ही राहता तिथं म्हणजे यवतमाळच्या जिल्हा आयोगात चालते, ५ लाखापर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार करून पाहिली तरी चालते.

अन् एक गोष्ट तुम्ही विचारली नाही पण सांगणं भाग आहे. आरसीवर अजून स्कूल बसच लिहून असेल तर समोरचा वकील पहिले तेच काढेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीतला बदल आरटीओकडे नोंदवावा लागते, नाही तर दर बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. त्यानं दुकानदाराची चूक पुसली जात नाही, पण उद्या खरंच बसला आग लागली तर विमा कंपनी याच कागदावर क्लेम अडवेल. पुढच्या वेळी आरसी अन् पॉलिसी दोन्हीचा फोटो पाठवा, ते पाहून नोटीस लिहू.