सही करण्याआधी

पोरी,

परवा रंकाळ्यावर तू विचारलंस, "काका, कायद्यात बसतंय ना, मग सही करायला काय हरकत आहे?" तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. तू विश्वस्त आहेस त्या वाचनालयाचा रस्त्याकडचा गाळा, भाडेकरू दुसऱ्या एका विश्वस्ताचाच भाचा, आणि करार ३५ महिन्यांचा. ३५ च का, ते तुला कुणी सांगितलं नसेल. न्यासाची इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं द्यायची तर १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आधी घ्यावी लागते. एक महिना कमी केला की ती पायरी चुकते. मग नूतनीकरण, पुन्हा नूतनीकरण. भाचा तिथंच म्हातारा होतो.

गाळा आपला नाही, बाई. कागदावर नावं विश्वस्तांची, गाळा वाचकांचा. १८८२ चा न्यास कायदा खासगी न्यासांचा, तरी त्याचं कलम ५१ पाठ कर: न्यासाची मालमत्ता विश्वस्तानं स्वतःच्या फायद्यासाठी वापरायची नाही. भाच्याचा फायदा घरातलाच, एवढं तुला कळायला हवं होतं!

रागावलो, कारण मी अशी सही केली आहे. सत्ताविसाव्या वर्षी, एका वसतिगृहाचा विश्वस्त असताना. शिपाई प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेचे ठराव लिहायची वही, घरी घेऊन आला, पेन्सिलीची फुली दाखवली. वरचं अर्धं पान कोरं होतं. मोठी माणसं आहेत, म्हणून केली. त्या कोऱ्या जागेत नंतर ठराव उतरला आणि वसतिगृहाच्या मागची, पोरं कबड्डी खेळायची ती जागा गेली. तेव्हा राजीनामा का दिला नाही, असं लोक अजून विचारतात. दिला असता तर माझे हात स्वच्छ दिसले असते आणि उरलेली जागाही गेली असती. पुढं एकोणीस वर्षं प्रत्येक सभेत भाडेपावत्या मागितल्या. हेकट म्हणाले. म्हणू देत. मी बरोबरच केलं.

सरकारलाही हेच लागू. हिमाचलात बियासकाठची वनजमीन एका मोटेलला दिली होती. सर्वोच्च न्यायालयानं कमल नाथ खटल्यात ती मंजुरी रद्द केली. नद्या, जंगलं यांचं राज्य हे विश्वस्त, मालक नव्हे. पंचगंगा मंत्र्यांची नाही आणि गाळा आपला नाही.

रविवारच्या सभेला जा. भाड्यासाठी जाहिरात दिली होती का, शेजारच्या गाळ्याला किती भाडं येतं, ते विचार. तोंडी विरोध करून येऊ नकोस, प्रोसिडिंगमध्ये लिहून घे. सहीच्या वर कोरी जागा दिसली तर तिरकी रेघ मार, मग पेन खाली ठेव. हात थरथरेल, माझाही थरथरला असता.

सभा सुटली की फोन कर. मी जागा असेन.

काका