पोळी बंद करण्याआधी सीलिॲकची तपासणी करून घ्या

ताई, आपल्या नऊ वर्षांच्या मुलाचे पोट वर्षभर दुखते आहे, त्याला कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ होतो, डॉक्टरांनी आयबीएस (आतड्याला इजा न दिसता पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी होणारा विकार) असे निदान केले आहे आणि घरची मंडळी ‘महिनाभर गहू बंद करून पाहू’ म्हणत आहेत, असे आपण लिहिले आहे. माझी कळकळीची विनंती आहे की गहू एवढ्यात बंद करू नका. आधी सीलिॲकसाठी, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होते त्या आजारासाठी, टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी करून घ्या.

इटलीतील बारी येथील डॉक्टरांनी वारंवार पोट दुखणाऱ्या मुलांची सहा वर्षे तपासणी केली आणि २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आयबीएस असलेल्या २७० मुलांपैकी १२ जणांना, म्हणजे ४.४ टक्के मुलांना, सीलिॲक निघाला; शौचाच्या तक्रारींशिवाय नुसतेच पोट दुखणाऱ्या ३११ मुलांत मात्र तो एकालाच होता. म्हणून पोटदुखीबरोबर शौचाची सवयही बदलली असेल, तर ही तपासणी टाळू नये असे माझे ठाम मत आहे. अर्थात त्या २७० पैकी २५८ मुलांना सीलिॲक नव्हता, हेही मनाशी धरून ठेवा.

या तपासणीत ज्या प्रतिपिंडांचा (अँटीबॉडींचा) शोध घेतात, ती ग्लुटेन पोटात जात असेल तोवरच पुरेशी सापडतात. आम्ही आमच्या मुलीची पोळी स्वतःच्या विचाराने बंद केली, तिला बरे वाटू लागले, पण मग अहवालावर विसंबता येईना आणि तिला पुन्हा काही आठवडे गहू खाऊ घालावा लागला. तिचे ते कण्हणे अजून विसरता येत नाही. रक्त देताना एकूण आयजीएसुद्धा (ही तपासणी शोधते त्या प्रकारच्या प्रतिपिंडांचे रक्तातले एकूण प्रमाण) मोजायला सांगा, कारण ते मुळातच कमी असेल तर आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. उंची-वजन खुंटले असेल किंवा लोहाचे औषध देऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

सीलिॲक निघालाच, तर ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ आपल्या घरात आहेतच. मात्र गव्हाच्या पाठोपाठ त्याच गिरणीत दळलेली ज्वारी चालत नाही आणि बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो. तसेच आपल्या धाकट्या मुलीला काहीही त्रास नसला तरी तिचीही तपासणी करून घ्यावी लागेल, कारण सख्ख्या भावंडांत हा आजार अधिक आढळतो.