वाचक विचारतात: सर्व्हरचा यूपीएस

प्रश्न: यूपीएसच्या पडद्यावर बॅटरी १०० टक्के दिसते, पण वीज गेली की अर्ध्या मिनिटात सर्व्हर बंद पडतो. यूपीएस चार वर्षांचा आहे. नवाच घ्यावा का?

उत्तर: आधी बॅटरी बदलून बघा, दोष बहुधा तिचाच आहे. सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे टिकते. पडद्यावरचा आकडा बऱ्याचदा व्होल्टेजवरून काढलेला असतो. १२ व्होल्टची जुनी बॅटरीसुद्धा चार्जिंगवर असताना १३.५ ते १३.८ व्होल्ट दाखवते. तिचा अंतर्गत रोध मात्र वाढलेला असतो, त्यामुळे लोड पडला की व्होल्टेज घसरते आणि १०.५च्या आसपास यूपीएस हात टेकतो.

खात्री करायची तर सर्व्हर रीतसर बंद करा, त्याच्या जागी १०० वॉटचे दोन फिलामेंट बल्ब लावा आणि घड्याळ लावून बसा. वीज भिंतीवरच्या बटणाने घालवा, प्लग उपटू नका. प्लग काढला की अर्थिंगही जाते. चालू यूपीएसच्या आत मल्टिमीटरची टोके मुळीच घालू नका. अनेक यूपीएसमध्ये बॅटरीची बाजू मेन्सपासून, म्हणजे भिंतीतल्या विजेपासून, विलग केलेली नसते.

आत दोन-चार बॅटऱ्या असतील तर सगळ्या एकदम बदला, एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या. एखादीच नवी घातली तर जुन्या तिला लवकर खराब करतात. खरेदीआधी टर्मिनलची रुंदी मोजा: ४.७५ मिमी किंवा ६.३५ मिमी. बॅटरी फुगून अडकली असेल तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, पेटीचे स्क्रू सोडवून जागा करा. नवी बसवल्यावर रात्रभर चार्ज होऊ द्या, मग यूपीएसमध्ये सोय असल्यास कॅलिब्रेशन (बॅटरी किती वेळ चालते ते यूपीएसने नव्याने मोजणे) चालवा, नाहीतर उरलेल्या वेळेचा अंदाज जुनाच दाखवत राहील.

आणि यूपीएस सर्व्हरच्या गरम हवेच्या झोतात ठेवला आहे का, ते बघा. २५ अंशांच्या वर दर ८ ते १० अंशांना बॅटरीचे आयुष्य जवळपास निम्मे होते. चार वर्षांऐवजी दोनच वर्षांत बॅटरी गेली, तर कारण बहुतेक वेळा हेच.

प्रश्न: सर्व्हर आणि स्विच मिळून ३५० वॉट. ६०० व्हीएचा यूपीएस पुरेल?

उत्तर: नाही. व्हीए (व्होल्ट-अँपिअर) सोडा, वॉटचा आकडा वाचा, खरी शक्ती तोच सांगतो. ६०० व्हीएचे बरेच यूपीएस ३६० वॉटच देतात, म्हणजे तुमचा ३५० वॉटचा लोड अगदी काठावर येतो. तुम्हाला निदान ५५० वॉटचा हवा, आणि शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा. अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारे सर्किट) असलेले काही पॉवर सप्लाय पायरीदार लहरीवर दगा देतात. लोड निम्मा केला तर वेळ दुपटीहून जास्त मिळतो, म्हणून मॉनिटर यूपीएसला जोडू नका. लेझर प्रिंटर तर नकोच.

यूएसबी केबल जोडून ‘नट’ (नेटवर्क यूपीएस टूल्स, यूपीएसवर लक्ष ठेवून सर्व्हर वेळेत बंद करणारे सॉफ्टवेअर) बसवा. सर्व्हर बंद व्हायला चार मिनिटे लागत असतील तर बॅटरी आठ मिनिटांची धरा आणि बंद करण्याची आज्ञा चौथ्या मिनिटाच्या आत सुटेल असे ठरवा. वीज परतल्यावर सर्व्हर आपोआप चालू व्हावा, ही सेटिंग बायोसमध्ये (सर्व्हर सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) असते.